आधी हॉर्न, मग किक

नागपूरच्या वर्धा रोडवरचा दुमजली उड्डाणपूल तीन किलोमीटरहून लांब आहे. खाली रस्ता, मध्ये पूल, डोक्यावरून मेट्रो. अशा पुलाच्या मध्यावर वीस-पंचवीस वर्षांची एखादी मोटारसायकल गपकन बंद पडते. हेडलाइट जातो, न्यूट्रलचा हिरवा दिवा विझतो आणि चालवणारा गाडी कठड्याला लावून किक मारत सुटतो. दम लागला की पेट्रोलचा कॉक फिरवून पाहतो, मग प्लग खोलतो. गाडी हूं की चूं करत नाही. खरे तर अशा वेळी सगळ्यांत आधी किल्ली चालू ठेवून हॉर्न दाबायला हवा.

हॉर्न वाजतो का, हा जुन्या गाडीच्या विजेच्या तपासणीतला सर्वांत उपयोगाचा प्रश्न आहे. हॉर्न खणखणीत वाजला, तर बॅटरी, फ्यूज आणि लॉक ही वाट शाबूत आहे. मग दोष प्लगपर्यंत ठिणगी पोचवणाऱ्या बाजूला शोधायचा. हॉर्न मुका, इंडिकेटर मुके, ब्रेकलाइटही लागत नाही, असे असेल तर दोष बॅटरीपासून लॉकपर्यंतच्या पहिल्या दोन-तीन फुटांत असण्याची शक्यता दाट. बोटाच्या एका दाबासरशी अर्धी गाडी संशयातून सुटते.

नागपुरात हा प्रश्न रोज कुठे ना कुठे पडतो. एमएच-३१, एमएच-४० आणि एमएच-४९ या पाट्यांखाली आजही यामाहा आरएक्स-१००, हिरो होंडा स्प्लेंडर, कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट, पहिल्या पिढीतली पल्सर धावताना दिसते. आरएक्स-१०० चे उत्पादन १९८५ मध्ये सुरू झाले आणि १९९६ मध्ये थांबले. म्हणजे आज रस्त्यावर असलेली सर्वांत नवी आरएक्स-१०० ही तिशीच्या घरात आहे. स्प्लेंडर १९९४ ची, पल्सर २००१ ची. नोंदणीला पंधरा वर्षे झाली की अशा गाडीला पुन्हा नोंदणीसाठी आरटीओत उभे राहावे लागते आणि तिथे दिवे, इंडिकेटर, हॉर्न चालू असावे लागतात. इंजिनाचे पिस्टन-रिंग बदलून मिळतात, कार्बोरेटर साफ होतो. वायरिंग मात्र बहुतेक गाड्यांत कारखान्यातून आलेलेच असते, वर तीस वर्षांच्या टेपपट्ट्या चढवलेले.

दोन घराणी

तपासणीला हात घालण्याआधी गाडी कोणत्या घराण्याची आहे, हे ठाऊक हवे. पॉइंट असलेल्या जुन्या बुलेटमध्ये ठिणगीसाठी लागणारी वीज बॅटरीतून येते. बॅटरी गेली की इंजिन गेले. आरएक्स-१०० किंवा जुनी स्प्लेंडर यांचे तसे नाही. तिथे इंजिनासोबत फिरणाऱ्या मॅग्नेटच्या कॉइलमधून सीडीआय नावाच्या डबीला थेट वीज मिळते. बॅटरी पूर्ण मेलेली असली, तरी दोन किकांत गाडी सुरू होते. हॉर्न आणि इंडिकेटर तेवढे गप्प राहतात.

या फरकातून एक नेमका निष्कर्ष निघतो. आरएक्समध्ये दिवे, हॉर्न आणि इंजिन एकाच क्षणी मेले, तर दोष बॅटरीत नाही; कारण इंजिन बॅटरीवर अवलंबूनच नव्हते. मग दोन्हींना सामाईक असलेल्या जागा पाहायच्या: इग्निशन लॉक, लॉकखालचे कप्लर आणि मुख्य अर्थिंग. तरीही कित्येक मालक अशा वेळी आधी नवी बॅटरी टाकून घेतात, आणि गाडी जिथल्या तिथेच राहते.

या घराण्यातले लॉक उलट्या पद्धतीने काम करते, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. किल्ली बंद केली की लॉक सीडीआयची एक वायर अर्थिंगला जोडते आणि ठिणगी मरते. किल्ली चालू केली की तो जोड सुटतो. आता ही वायर कुठे चेसिसला घासून सोलली गेली, तर किल्ली चालू असूनही सीडीआयला वाटते की मालकाने गाडी बंद केली आहे. परीक्षा सोपी आहे: सीडीआयपाशी तेवढी वायर सोडवायची आणि किक मारायची. गाडी सुरू झाली, तर सीडीआय, कॉइल, प्लग सगळे निर्दोष. गुन्हेगार ती वायर किंवा लॉक. ही वायर सुटी असेपर्यंत किल्लीने इंजिन बंद होणार नाही. ब्रेक धरून, गिअर टाकून, क्लच सोडून ते बंद करावे लागते, याची तयारी आधी ठेवलेली बरी.

कोणती वायर, हे मात्र रंगावरून ठरवताना सांभाळावे लागते. होंडाच्या पद्धतीत हिरवी वायर अर्थिंगची, यामाहाच्या पद्धतीत काळी. पांढरी रेघ असलेली काळी वायर होंडा आणि यामाहाच्या अशा गाड्यांत ठिणगी मारण्याच्या कामाची. सुझुकीच्या पद्धतीत मात्र तीच अर्थिंग. शिवाय जुन्या गाडीचे वायरिंग एकदा बदलले गेले असेल, तर रंगांचा नियमही उरत नाही. त्या त्या गाडीचा वायरिंगचा नकाशा जवळ असणे म्हणूनच मोलाचे.

मीटर सांगते ते सगळेच खरे नसते

३० मे २०२४ रोजी नागपूरच्या रामदासपेठेतील स्वयंचलित हवामान केंद्रावर ५६ अंश सेल्सिअस तापमान झळकले आणि देशभर खळबळ उडाली. हवामान खात्याने तपासणी केल्यावर सेन्सरमध्ये बिघाड असल्याचे स्पष्ट केले. मोटारसायकलच्या तपासणीत हीच चूक मल्टिमीटर हातात घेऊन होते.

उदाहरण रोजच्या पाहण्यातले आहे. हेडलाइटच्या कप्लरवर मीटर लावले, १२.४ व्होल्ट दाखवले. बल्ब नवा टाकला, तरी उजेड नाही. कारण मीटरला वाचन दाखवण्यासाठी नगण्य करंट पुरतो. आतल्या तांब्याच्या सगळ्या तारा तुटून एकच उरली असेल, तरी मीटर पूर्ण व्होल्ट दाखवते. ३५ वॉटच्या बल्बला मात्र सुमारे तीन अँपिअर लागतात, आणि ते त्या एका तारेतून जात नाहीत. उन्हाळ्यात टाकी भरलेली असूनही चोंदलेल्या नळाला करंगळीएवढी धार यावी, तसे हे असते.

म्हणून जुने मेकॅनिक आजही मीटरपेक्षा टेस्टिंग बल्बवर भिस्त ठेवतात. इंडिकेटरचा दहा वॉटचा बल्ब, त्याला दोन वायरी, एका टोकाला क्लिप आणि दुसऱ्या टोकाला सुई. बल्ब झगझगीत पेटला, तर त्या जागेपर्यंत करंट पोचतो आहे. मंद पेटला, तर वाटेत अडथळा आहे. फक्त तपासणी सुरू करण्याआधी तो बॅटरीवर एकदा पेटवून पाहायचा. आपले हत्यारच बंद असेल, तर पुढचे सगळे निष्कर्ष वाया जातात. सीडीआयच्या वायरींवर मात्र हा बल्ब लावू नये. तिथे मॅग्नेटकडून येणारे व्होल्ट बरेच जास्त असतात आणि नाजूक भाग जळू शकतो.

मल्टिमीटरचे खरे काम बॅटरीपाशी आहे. इंजिन बंद असताना चांगल्या चार्ज झालेल्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर १२.६ च्या आसपास वाचन मिळते. १२ च्या खाली आले, तर ती जवळजवळ रिकामी. पण भार नसतानाच्या वाचनावर थांबायचे नाही. हेडलाइट किंवा हॉर्न चालू करून पुन्हा पाहायचे. १२.५ वरून आकडा धाडकन ९ वर कोसळला, तर बॅटरीची आतली ताकद संपली आहे.

अर्थिंग

जुन्या गाडीचे निम्मे गूढ दोन इंचांच्या एका जोडात दडलेले असते. बॅटरीच्या निगेटिव्हवरून निघालेली वायर चेसिसला किंवा इंजिनाला एका बोल्टने बांधलेली असते. गाडीतला जवळजवळ प्रत्येक दिवा याच वाटेने आपला करंट परत पाठवतो. बोल्टखाली गंज चढला, वर रंगाचा हात बसला, थिंबल सैल झाले, की विचित्र खेळ सुरू होतो: ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद लुकलुकतो, हॉर्न वाजवला की टेललाइट विझतो. एका दिव्याचा करंट दुसऱ्या दिव्यातून परतीची वाट शोधत असतो.

मीटर व्होल्टवर ठेवून एक सळी बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवायची आणि हॉर्न दाबायचा. आकडा शून्याच्या जवळ हवा, ०.२ व्होल्टच्या वर गेला, तर अर्थिंग खराब. बोल्ट सोडवून थिंबल आणि चेसिसची जागा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासायची, घट्ट आवळायची, वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्यायचा. खर्च जवळजवळ शून्य.

बॅटरीच्या टर्मिनलचेही तसेच. सेल्फ दाबला की एक ‘टक’ आवाज आणि लगेच सगळी गाडी अंधारात, काही क्षणांनी दिवे आपोआप परत, ही सैल टर्मिनलची ठरलेली खूण आहे. दिव्यांचा थोडा करंट त्या जोडातून जातो, सेल्फला लागणारा मोठा करंट जात नाही. टर्मिनलवर जमलेली पांढरी-हिरवी पूड खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने धुऊन निघते. खोलताना आधी निगेटिव्ह, जोडताना शेवटी निगेटिव्ह, हा क्रम पाळला की पाना चेसिसला टेकून ठिणगी उडण्याचा धोका राहत नाही.

सहा व्होल्टच्या गाड्यांना खराब जोड जास्त छळतो. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून आलेल्या जावा गाड्या सहा व्होल्टवर चालत. ३६ वॉटच्या दिव्याला बारा व्होल्टवर तीन अँपिअर लागतात, सहा व्होल्टवर सहा. जोडात फक्त ०.२ ओहमचा अडथळा आला, तर बारा व्होल्टच्या गाडीचे साधारण पाच टक्के व्होल्ट तिथे जिरतात; सहाच्या गाडीचे वीस टक्क्यांपर्यंत. जावावाल्यांचा हेडलाइट नेहमी पिवळाच का, याचे उत्तर बऱ्याचदा या गणितात सापडते. जुन्या बुलेटवाल्यांनी हेडलाइटवरच्या अॅमीटरची मागची बाजूही पाहावी. बॅटरीचा करंट त्या मीटरमधून जातो. मागचा नट सैल झाला, तर बाकी सगळे ठीक असूनही गाडी मुकी होते.

फ्यूज उडाला, तर का उडाला?

मुख्य फ्यूज उडालेला सापडला की माणसाला हायसे वाटते. नवा टाकला, गाडी सुरू झाली, विषय संपला. फ्यूज मात्र कारणाशिवाय क्वचितच उडतो. नवा टाकताच तोही उडाला, तर लोक सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळतात, तांब्याची तार बांधतात किंवा १० अँपिअरच्या जागी २० चा बसवतात. त्यानंतर शॉर्ट झाले, तर फ्यूजच्या जागी वायरिंग वितळते, आणि ते पेट्रोलच्या टाकीखालूनच गेलेले असते. पात्याच्या फ्यूजवर लाल म्हणजे १०, निळा म्हणजे १५, पिवळा म्हणजे २० अँपिअर. कारखान्याने दिला तोच आकडा कायम ठेवायचा. काचेचा फ्यूज नुसत्या नजरेने पास करू नये. तार सलग दिसते आणि टोपीच्या आत तुटलेली असते.

शॉर्ट शोधायची एक जुनी आणि फार सुंदर युक्ती आहे. उडालेला फ्यूज काढून त्याच्या दोन टोकांत हेडलाइटचा बल्ब जोडायचा. पुढे शॉर्ट असेल, तर बल्ब पूर्ण उजेडाने पेटतो, पण बल्बमधून ठरावीकच करंट जात असल्याने काही जळत नाही. मग सावकाश एकेक कप्लर सोडवायचे, वायरिंग हाताने हलवायचे, हँडल डावीकडे-उजवीकडे वळवायचे. ज्या क्षणी बल्ब मंदावतो किंवा विझतो, त्या क्षणी हात ज्या जागेवर असतो तिथेच दोष असतो.

ती जागा पुष्कळदा हँडलखाली, कोनसेट बसवलेल्या नळीच्या शेजारी निघते. हेडलाइट, लॉक आणि स्विचकडे जाणाऱ्या सगळ्या वायरी तिथून वळतात. हँडलच्या प्रत्येक वळणाला त्या वाकतात, आणि हे वर्षानुवर्षे चालू असते. वरचे आवरण तसेच राहून आतले तांबे तुटते, म्हणून नुसत्या नजरेला काही दिसत नाही. वायर दोन चिमटीत धरून हळूच ओढली, तर धड वायर ताठ राहते. आतून तुटलेली त्या जागी रबरासारखी लांबते. हँडल एका बाजूला वळवले की गाडी बंद, सरळ केले की चालू, असे होत असेल तर दुसरीकडे शोधण्यात वेळ घालवू नये.

नवतपा आणि पूर

नागपूरच्या हवेचाही यात मोठा वाटा आहे. २३ मे २०१३ रोजी शहराने ४७.९ अंश अनुभवले. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या सीटखाली आणि टाकीखाली हवेपेक्षाही जास्त ताप असतो. वायरीच्या प्लास्टिकला मऊ ठेवणारे घटक उष्णतेने हळूहळू निघून जातात, ते कडक होते आणि वाकवताच तडकते. तापमान दहा अंशांनी वाढले की शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य साधारण निम्म्यावर येते, असा बॅटरी तंत्रज्ञांचा ढोबळ हिशेब आहे. पाणी भरायच्या बॅटरीत मे महिन्यात डिस्टिल्ड वॉटरची पातळी दर पंधरवड्याला पाहावी, ती यासाठी.

उष्णतेतून आणखी एक दोष जन्मतो आणि तो भल्याभल्यांना चकवतो. गाडी घरून व्यवस्थित निघते, अर्ध्या तासाने बंद पडते, सावलीत वीस मिनिटे थांबली की पुन्हा सुरू होते. “भाऊ, गाडी करंटच देऊन नाही राहिली,” असे सांगत मालक गॅरेजमध्ये पोचतो, तोवर ती थंड झालेली असते आणि तिथे पहिल्या किकेला लागते. ठिणगीची वेळ सांगणारी पल्सर कॉइल, इग्निशन कॉइल किंवा सीडीआय यांपैकी एकाच्या आतला जोड तापल्यावर सुटतो आणि गार झाल्यावर जुळतो, हे त्याचे कारण. असा दोष थंड गाडीत सापडत नाही. बंद पडताक्षणीच ठिणगी पाहावी, नाहीतर गॅरेजमध्ये संशयित भाग केस वाळवायच्या ड्रायरने तापवून पुन्हा मोजावा.

पावसाळ्याची तऱ्हा वेगळी. प्लग कॅपच्या रबराला चीर असली की ओलीत ठिणगी बाहेरच उडते, आणि अंधारात ती निळसर दिसते. कप्लरमध्ये पाणी शिरले की पितळी पिना हिरव्या पडतात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत असंख्य वाहने पाण्याखाली गेली. बुडालेल्या गाडीची किल्ली फिरवून पाहण्याचा मोह अशा वेळी महागात पडतो. आधी बॅटरीचे निगेटिव्ह सोडवायचे, प्रत्येक कप्लर उघडून वाळवायचे, मगच करंट द्यायचा. महिनोन्‌महिने अंगणात उभ्या असलेल्या गाडीत उंदरांनी सीटखाली घर केले आहे का, हेही पाहावे. त्यांचे दात वायरीच्या आवरणावर हमखास पडतात.

वाढवलेला भार

आजच्या जुन्या गाडीवर कारखान्याने कधी कल्पिलेला नसलेला भार असतो: दोन एलईडी फॉगलाइट, जोरदार हॉर्न, मोबाइलचा चार्जर, वर अलार्म. हे सगळे बहुधा लॉकमधून येणाऱ्या एकाच वायरीवर, पिळून टेप गुंडाळलेल्या जोडांनी चढवलेले असते. उन्हात टेपचा डिंक वितळतो, जोड सैल होतो, तापतो आणि लॉकच्या आतले प्लास्टिक काळे पडते. शंभर सीसीच्या गाडीचा मॅग्नेट मूळ दिव्यांपुरतीच वीज तयार करतो. जास्तीचे काही लावायचेच असेल, तर बॅटरीवरून स्वतंत्र फ्यूज आणि रिले घालून लावावे, म्हणजे तो भार लॉकवर पडत नाही.

दुरुस्तीनंतर चार्जिंग पाहिल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नये. इंजिनाला मध्यम रेस देऊन बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळाले, तर ठीक. १३ च्या खाली असेल, तर मॅग्नेटची कॉइल किंवा आरआर युनिट (रेग्युलेटर-रेक्टिफायर) काम करत नाही, आणि दोन दिवसांनी गाडी पुन्हा तशीच उभी राहील. १५ च्या वर गेले, तर आरआर युनिट व्होल्ट आवरत नाही. बॅटरी उकळते आणि बल्ब एकामागून एक जातात. बॅटरी काढून टाकून गाडी फिरवणेही टाळावे, कारण व्होल्टचे चढउतार शोषून घेणारे दुसरे काही मग उरत नाही.

जळलेला भाग बदलून देणारा मेकॅनिक पुष्कळदा घाईत असतो. त्याला दोन गोष्टी आवर्जून विचाराव्यात: जुना भाग दाखवा, आणि तो का गेला ते सांगा. सीडीआय किंवा कॉइल अंदाजाने बदलण्याआधी ओळखीच्या गाडीचा चालू भाग लावून पाहण्याचा आग्रह धरावा, कारण विजेचा सुटा भाग एकदा बसवला की दुकानदार सहसा परत घेत नाही. आणि एप्रिल संपण्याआधी एक सकाळ काढून बॅटरीची दोन टर्मिनले, अर्थिंगचा बोल्ट, लॉकखालचे कप्लर आणि कोनसेटजवळची वायर एवढ्या जागा घासूनपुसून घ्याव्यात. साइड कव्हरच्या आत त्याच आकड्याचे दोन फ्यूज, एक प्लग, टेस्टिंग बल्ब, फूटभर वायर आणि वायरिंगच्या नकाशाची झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली, तर ती कुठेही अडचण करत नाही.